धर्मपिंड आणि अनाथ बालक

दक्षिण काशी म्हणून ख्यात असलेल्या श्रीक्षेत्र प्रकाशे येथे, तापी व गोमाई या नद्यांच्या संगमावर, येणारे भाविक मुख्यत्वे दोन हेतूंनी येतात. श्री केदारेश्वराचे दर्शन हा एक आणि दिवंगत आप्तांच्या अस्थींचे विसर्जन व श्राद्धादी कर्मे हा दुसरा. नंदुरबार जिल्ह्यातूनच नव्हे तर धुळे, जळगाव आणि सीमेपलीकडील गुजरात व मध्य प्रदेशातूनही मंडळी या घाटावर उतरतात. वृद्ध पित्यासाठी आलेला मध्यमवयीन पुत्र हे येथील नित्याचे दृश्य होय. परंतु क्वचित असेही दिसते की आठ-दहा वर्षांचा एक मुलगा नुकतेच मुंडन झालेल्या डोक्याने, हातात दर्भ व तीळ घेऊन, गुरुजी सांगतील तसे पाणी सोडीत बसला आहे. मंत्र त्याला कळत नाहीत. शेजारी चुलता किंवा मामा बसलेला असतो. विधी तासाभरात आटोपतो आणि मंडळी परतीच्या गाडीत बसतात. त्या मुलाने पित्याचे ऋण फेडले, असे शास्त्र मानते. मात्र त्या मुलाचे काही देणे कोणाकडे लागते का, हा प्रश्न घाटावर सहसा विचारला जात नाही.

वास्तविक याच कर्मात त्या प्रश्नाचे बीज आहे. श्राद्धात आपल्या पित्या-पितामहांना पिंड दिल्यावर कर्त्याचे काम संपत नाही. आपले गुरू, मित्र, सेवक, तसेच ज्यांच्यामागे पिंड देणारे कोणीच उरले नाही असे परिचित-अपरिचित जीव, यांच्यासाठीही पिंड देण्याची प्रथा आहे. त्याला धर्मपिंड म्हणतात. तर्पणातही शेवटची ओंजळ अशाच निराधार मृतांसाठी सोडली जाते. ज्याचे नाव ठाऊक नाही, गोत्र ठाऊक नाही, त्याचीही तहान आपल्या ओंजळीने भागावी, ही कल्पना करणाऱ्या पूर्वजांचे मन मोठेच म्हटले पाहिजे. मग विचार असा येतो की, ज्याला कोणी नाही अशा मृताची सोय ज्या धर्माने इतक्या आठवणीने केली, त्या धर्माच्या अनुयायांनी ज्याला कोणी नाही अशा जिवंत बालकाची सोय तितक्याच नियमाने का करू नये? मृत काही मागत नाही, भांडत नाही, आजारी पडत नाही, त्याला शाळेची फी लागत नाही. एक ओंजळ दिली की कर्ता मोकळा होतो. बालकाच्या बाबतीत असे मोकळे होता येत नाही, आणि अडचण नेमकी तेथेच असावी.

‘अनाथ’ हा शब्द आपण दररोज वापरतो, पण त्याचा अर्थ सहसा पोरका, उपाशी, दयनीय एवढाच घेतला जातो. संस्कृतात ‘नाथ्’ या धातूचा एक अर्थ याचना करणे, मागणे असा आहे. त्या अर्थाने पाहिले तर नाथ म्हणजे ज्याच्याजवळ मागता येते तो, आणि अनाथ म्हणजे ज्याला मागायला जागाच नाही तो. घरचे मूल दिवसातून दहा वेळा मागते. भाकरी मागते, नवी वही मागते, जत्रेला जायचे म्हणून हट्ट धरते, नाही मिळाले तर रुसून बसते, आणि मिळाले तरी आभार मानीत नाही. त्याला आभार मानावे लागत नाहीत हेच त्याचे सनाथपण. पोरक्या मुलाला हट्ट करता येत नाही. मिळेल ते घ्यावे, देणाऱ्याचे तोंड पाहून घ्यावे आणि घेतल्यावर हात जोडावेत, हे त्याला फार लवकर शिकावे लागते. त्याचे अन्न-वस्त्र कोणीतरी भागवते, परंतु मागण्याचा हक्क त्याला परत मिळतोच असे नाही.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत या हक्काची कथा प्रत्येक घरी ठाऊक आहे, मात्र ती अशा दृष्टीने फारशी वाचली जात नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आपण गेलो तर मुलांना तरी समाज पदरात घेईल, या आशेने विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी देहत्याग केला, असे परंपरा सांगते. प्रायश्चित्त घेतले गेले. मुले मात्र पदरात घेतली गेली नाहीत. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई या चार पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट करावी लागली. मांडे भाजण्यासाठी मुक्ताबाई कुंभाराकडे खापर मागायला गेली आणि विसोबाने तिला ते मिळू दिले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेले, तो चमत्कार कीर्तनात रंगतो. पण चमत्काराच्या आधी एका लहान मुलीने गावात एक मातीचे भांडे मागितले होते आणि गावाने ते दिले नव्हते. विसोबाला पुढे पश्चात्ताप झाला, तो विसोबा खेचर झाला, नामदेवांचा गुरू झाला. गावातील बाकीच्यांचे काय झाले ते कथा सांगत नाही. ज्यांनी खापर अडवले नाही पण दिलेही नाही, असे लोक प्रत्येक गावात बहुसंख्य असतात. या भावंडांतील धाकट्या मुक्ताबाईचा शेवट इ. स. १२९७ मध्ये तापीच्याच काठी, मेहूण परिसरात झाला असे मानले जाते. तेथून वाहत आलेले पाणीच पुढे प्रकाशाच्या घाटाला लागते.

शिक्षणाच्या बाबतीत याहून जुनी एक कथा छांदोग्य उपनिषदात आहे. सत्यकाम गुरुगृही निघाला तेव्हा त्याने आईला आपले गोत्र विचारले. जबाला म्हणाली की ते तिला ठाऊक नाही. तिचे नाव जबाला आणि त्याचे नाव सत्यकाम, एवढेच त्याने सांगावे. हारिद्रुमत गौतमांनी ते ऐकले आणि इतके खरे बोलणाऱ्याला शिष्य करून घेतले. आजच्या शाळेच्या प्रवेश-अर्जातही पित्याच्या नावाचा रकाना असतो. पुढे जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार कार्ड, बँक खाते असे एकेक कागद मागितले जातात, आणि जातीचा दाखला तर वडिलांकडील पुराव्यांवाचून मिळणे कठीण असते. ज्याला वडीलच नाहीत आणि वडिलांचे कागदही नाहीत, त्याच्यासाठी हारिद्रुमत गौतम कोणी व्हायचे? महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले, ते या अडचणीतूनच. मात्र त्यासाठीही अनाथ प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवण्यासाठी मुलाच्या वतीने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारे कोणीतरी लागतेच.

मूल दत्तक घेणे हा तर धर्मशास्त्राने सांगितलेला उपाय, असे कोणी म्हणेल. येथे थोडे कठोर होऊन पाहावे लागते. दत्तविधानाचा हेतू पूर्वी मुख्यतः दत्तक घेणाऱ्याच्या कुळाचा होता. वंश चालावा, पिंड देणारा असावा, मालमत्तेला वारस असावा, हा तो हेतू. मुलाला घर मिळावे हा हेतू त्यात ओघाने साधत असे. शिवाय दत्तक देण्याचा अधिकार सामान्यतः जन्मदात्या आईबापांनाच असल्याने, ज्याचे दोघेही गेले त्याला दत्तक देणारेच कोणी उरत नसे. परिणाम असा की घराची सर्वाधिक गरज ज्याला, त्याच्यासाठीच दत्तकाचे दार बहुधा बंद राही. काही ज्ञातींत रूढीने अपवाद केले जात, ही त्या ज्ञातींची समज. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने न्यायालयाच्या अनुमतीने पालकाला असे मूल दत्तक देता येईल अशी तरतूद केली, आणि १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या व मातापित्यांचा ठावठिकाणा नसलेल्या मुलांनाही ती लागू झाली. पुढे बाल न्याय कायद्यांनी तर मुलाचे हित हाच दत्तकाचा पहिला हेतू मानला. शास्त्राचा आधार दाखवून कोणी या बदलाला अधर्म म्हणेल तर त्याने धर्मपिंडाचा अर्थ पुन्हा पाहावा.

कायद्याची वाट न पाहता ज्यांनी हे केले त्यांत महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे नाव प्रथम येते. १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८७४ साली काशीबाई नावाच्या एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला, शिकवला. हेच पुढे डॉक्टर झालेले यशवंतराव. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे हाती घेतले. जिवंतपणी मुलाला घास देणे जगाला चालते, परंतु तो आपल्यापैकी एक आहे असे मान्य करण्याची वेळ आली की स्मशानातही वाद होतो, हे त्या दिवशी दिसले.

तीर्थक्षेत्राच्या दृष्टीने पंढरपूरचे उदाहरण अधिक जवळचे आहे. लोक तेथे पुण्यासाठी जात, आणि त्याच गर्दीच्या आडोशाने लोकलज्जेपोटी नवजात अर्भके टाकून दिली जात. तेथे न्यायाधीश म्हणून काम करणारे लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली अशा बालकांसाठी आश्रम काढला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने पुढे तो सर्वांना ठाऊक झाला. क्षेत्रात पाप घडते हे मान्य केल्याने क्षेत्राचे महात्म्य कमी झाले, असे पंढरपुरात कोणाला वाटले असल्यास ते पुढे टिकले नाही.

आता या जिल्ह्याकडे वळावे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे साडेसोळा लाख असून त्यांपैकी ६९ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी समाजाचे आहेत. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील डोंगरपाड्यांचे कुपोषण अनेक वर्षे वर्तमानपत्रांतून गाजले. सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार या पट्ट्यात आहे. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा दक्षिणेकडील जिल्ह्यांत जातात, आणि होळीला घरी येण्याची ओढ मनात धरून तेथे राबतात. मागे आजीजवळ राहिलेले मूल कागदोपत्री अनाथ नसते. वर्षातील पाच-सहा महिने मात्र त्याला मागायला कोणी नसते, कारण आजीजवळच काही नसते. तोडणीला सोबत नेलेल्या मुलाची शाळा बुडते. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना सर्व शिक्षा अभियानाच्या काळात आली. ती जेथे नीट चालली तेथे गावातील शिक्षक आणि एखाद-दुसरी स्वयंपाक करणारी बाई यांनी ती मनावर घेतली म्हणून चालली.

आजी-आजोबांनी नातवंडे वाढवणे यात काही नवीन नाही. एकनाथ महाराजांचे आईवडील त्यांच्या बालपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. त्याच एकनाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल उचलून कडेवर घेतले, अशी कथा आहे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत तर पोरके झालेले मूल सहसा रस्त्यावर येत नाही. काका, मामा, आजी यांच्यापैकी एखाद्या घरी ते सामावले जाते. एकमेकांच्या शेतात मिळून काम करण्याची ‘लाह’ ही रीत तेथे आहे आणि संकटात सापडलेल्या घराला तिचा आधार होतो. शहरी माणसाने या समाजाला अनाथांचे संगोपन शिकवायला जाण्याआधी हे पाहून घ्यावे. नर्मदाकाठच्या निमगव्हाण, चिमलखेडी अशा गावांत १९९० च्या दशकाच्या आरंभी गावकऱ्यांनी नर्मदा बचाव आंदोलनाच्या साह्याने जीवनशाळा सुरू केल्या, तेव्हा त्याही याच सामायिक वृत्तीवर उभ्या राहिल्या.

तथापि नातेवाईक आहेत म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नाही. चुलत्याच्या घरी दोन घास मिळतात, पण शाळेत कोणाला पाठवायचे हे ठरवताना आधी स्वतःची मुले येतात आणि पोरके मूल शेळ्यांमागे जाते. मुलगी असेल तर तिचे लग्न लवकर उरकले जाते. म्हणून मग निवासी आश्रमशाळा हा पर्याय पुढे येतो, आणि या जिल्ह्यात अनेक मुले आश्रमशाळेमुळेच शिकली, शिक्षक व परिचारिका झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु पाड्यापासून दूरच्या इमारतीत, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला परक्या भाषेत पोट दुखते हे सांगता येत नाही. आश्रमशाळांतील बालमृत्यूंची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीचा अहवाल २०१६ साली आला, त्या मृत्यूंच्या मागे दडलेल्या गोष्टींपैकी ही एक असणारच. ज्याचे आईबाप आहेत ते रविवारी भेटायला येतात, मुलाचे अंग चाचपून पाहतात, आणि ताप असला तर भांडतात. पोरक्या मुलासाठी भांडायला कोणी येत नाही. संस्था की नातेवाईक, हा वाद यामुळे बराचसा व्यर्थ ठरतो. मूल कोठेही असो, त्याची नावानिशी आठवण ठेवणारा, न बोलावता येणारा एक माणूस त्याला लागतो.

जुन्या महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. अनेक विद्वान या अन्नावर शिकले. ही व्यवस्था ठरावीक जातींपुरती होती आणि तिच्यात अपमानही पुष्कळ होते. वाराचे पोर म्हणून पंक्तीच्या शेवटी बसवले जाई, पान वाढताना तूप चुकून राहून जाई. तरीही तिच्यात एक गोष्ट होती: ठरलेल्या वारी मुलगा आला नाही तर त्या घरी विचारणा होई. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढून यातील जातीची भिंत पाडली, मुलांना स्वकष्टाने शिकवले, आणि वसतिगृहाच्या शिध्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. लहानपणीच पितृछत्र हरपून मामाकडे वाढलेल्या गाडगे महाराजांनी मिळेल तो पैसा धर्मशाळा व मुलांच्या शिक्षणाकडे वळवला, आणि आपल्या कीर्तनांतून देवापुढे पैसे उधळणाऱ्यांची चांगलीच हजेरी घेतली.

तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकाला अन्नदानाची आवड असते, आणि ती चांगलीच आहे. आईच्या वर्षश्राद्धाला बालगृहात गोडाचे जेवण देण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. त्या दिवशी मुलांना स्वच्छ कपडे घालून रांगेत बसवले जाते, दात्याचे नाव उच्चारले जाते, मुले प्रार्थना म्हणतात, छायाचित्र निघते. पुष्कळ बालगृहांत पितृपक्षात गोडधोड इतके होते की मुलांची पोटे बिघडतात, आणि चैत्र-वैशाखात डाळ आणायची पंचाईत असते. दात्याच्या तिथीप्रमाणे भूक लागत नाही. दात्याचे पुण्य कमी न होता हे सुधारता येण्यासारखे आहे. तोच खर्च एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या, चष्मा, दातांचे उपचार, बारावीनंतरच्या प्रवेशाचे शुल्क यांकडे वळवावा, आणि ज्याच्यासाठी तो केला त्याला छायाचित्रासाठी उभे करू नये. घेणाऱ्याने मान खाली घालावी लागणार नाही, एवढे देणाऱ्याने पाहिले तरी दानाचा मोठा दोष टळतो.

श्राद्धासाठी पोरक्या मुलाला घेऊन आलेल्या नातेवाईकांनी पुढील गोष्टी परत जाण्यापूर्वी ध्यानात घ्याव्यात. आईवडील दोन्ही किंवा त्यांपैकी एक गेलेल्या, तसेच अन्य कारणांनी पालकत्वाला पारख्या झालेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. मुलाने संस्थेत न जाता नातेवाईकांच्या घरीच वाढावे, हा तिचा उद्देश असून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये साहाय्य ठरले आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावा. मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला व मुलाचा जन्मदाखला यांच्या प्रती श्राद्धाच्या धावपळीतच काढून ठेवल्यास पुढचे हेलपाटे वाचतात. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाला कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले आहे. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने २०२१ साली पाच लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली होती. ती ठेव मुलाची आहे, सांभाळणाऱ्याची नाही. सारंगखेड्याच्या दत्त यात्रेत किंवा येथील घाटावर एखादे मूल एकटे, हरवलेले अथवा कोणी कामाला जुंपलेले दिसले, तर त्याला खाऊ देऊन पुढे न जाता त्याच्याजवळ थांबावे आणि १०९८ हा क्रमांक फिरवावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दूरध्वनी करणाऱ्याने मूल कोठे उभे आहे, कोणती खूण जवळ आहे, ते कोणती भाषा बोलते, एवढे सांगावे, आणि कोणीतरी येईपर्यंत तेथून हलू नये.